पिठाचा कोंबडा आणि गुलाबी खोके

हिल्सबरोहून पोर्टलंड शहराकडे जाणारी 'मॅक्स' ही गाडी वाटेत एका डोंगराच्या पोटात शिरते. तिथले वॉशिंग्टन पार्क हे स्थानक जमिनीखाली 260 फूट खोल आहे आणि उत्तर अमेरिकेत याहून खोल प्रवासी स्थानक दुसरे नाही, ही माहिती नऊ वर्षांच्या नातवाने अण्णांना गाडीत बसण्याआधीच दोनदा ऐकवली होती. बोगद्यात गाडी शिरल्यावर त्याने तिसऱ्यांदा ऐकवली. अण्णा म्हणाले, "आमच्या हरिपूरची पेवं एवढी खोल नव्हती. पण पेव उघडलं की लगेच आत कुणी उतरत नसे. कोंडलेली हवा आधी जाऊ द्यायची." नातवाने पेव म्हणजे काय ते विचारले. जमिनीत खोल खणलेल्या आणि वरून बंद केलेल्या खड्ड्यात हळद वर्षानुवर्षे कशी टिकते, तिला कीड कशी लागत नाही, हे सांगेपर्यंत बोगदा संपला आणि उन्हे पुन्हा खिडकीत आली.

जूनअखेरचे ते दिवस होते. ओरेगन राज्यात त्या सुमारास सूर्य रात्री नऊच्या पुढे मावळतो. सूर्यास्तानंतर काही न खाण्याचे व्रत जन्मभर पाळलेल्या अण्णांना या गोष्टीची पहिल्या आठवड्यात फार गंमत वाटली होती. सांगलीत पावसाळी दिवसांत पेढीवरून घाईघाईने घरी येऊन, हातपाय धुऊन, अंधारण्यापूर्वी दोन घास पोटात टाकण्याची त्यांची सवय. इथे आठ वाजता जेवण आटोपले तरी बाहेर लख्ख ऊन. "इथं व्रत पाळायला काही लागतच नाही," असे ते सुनेला म्हणाले होते. त्यावर ती हसली आणि म्हणाली, "अण्णा, डिसेंबरात या. साडेचारला सूर्य मावळतो आणि ऑफिस पाचला सुटतं."

अण्णांचे वय त्र्याहत्तर. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत, वडिलांपासून चालत आलेली. ओली हळद हा कंद, म्हणून तो घरात खायचा नाही. तीच हळद शिजवून, उन्हात वाळवून खडखडीत झाली की चालते. अशा वस्तूचा व्यापार करणाऱ्या माणसाला नियमांमागची बारकाई नव्याने शिकवावी लागत नाही. बाजारचे तयार खाणे त्यांनी पन्नाशीतच सोडले. पण स्वतःचे नियम दुसऱ्याच्या ताटावर नेऊन ठेवण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. मुलाकडे तीन महिने राहायला येताना त्यांनी पाणी गाळायचे वस्त्र, स्वाध्यायाचे एक पुस्तक आणि मनाशी एक निश्चय आणला होता: विचारल्याशिवाय बोलायचे नाही.

त्या संध्याकाळची सहल नातवासाठी होती, आणि तिच्यामागे दोन वर्षांचा इतिहास होता. शाळेत कुणाचा वाढदिवस असला की त्या मुलाची आई गुलाबी रंगाचे एक पसरट खोके घेऊन येई. खोके उघडले की मुले टाळ्या वाजवत. आत डोनट असत. या मुलाला घरून सांगितलेले असे की त्यात अंडे असते. मग तो आपल्या डब्यातली शंकरपाळी खात बसे. रडणे, हट्ट करणे हे काही तो करत नसे. सुनेला तेच अधिक लागे. वस्तूच्या वेष्टनावरची बारीक अक्षरे वाचायला तो सातव्या वर्षीच शिकला होता, आणि जिलेटिन हा शब्द ओळखण्यात तो घरातल्या मोठ्यांपेक्षा पुढे होता. शेवटी सुनेने शोध लावला की ते गुलाबी खोके ज्या दुकानाचे, तिथे अंडे आणि दूध दोन्ही न घालता केलेले डोनटही मिळतात. परीक्षा संपल्यावर जायचे ठरले. अण्णांनी तेव्हाच जाहीर केले होते, "पैसे मी देणार." वीस डॉलरची एक नोट त्यांनी त्यासाठी सदऱ्याच्या आतल्या खिशात वेगळी ठेवली होती.

पोर्टलंडच्या जुन्या भागात थर्ड ॲव्हेन्यूवर 'वूडू डोनट' हे दुकान आहे. 2003 साली दोघा मित्रांनी ते सुरू केले. दोघांपैकी एकाचाही हा पिढीजात धंदा नव्हता, आणि कदाचित म्हणूनच त्यांना वाटेल ते करून पाहण्याची भीती वाटली नाही. न्याहारीच्या कुरकुरीत दाण्यांनी मढवलेले डोनट त्यांनी केले. पोट बिघडल्यावर घ्यायचे आणि सर्दीवर घ्यायचे औषध घातलेले डोनटही त्यांनी एके काळी विकले; ते मात्र आरोग्य खात्याने बंद करायला लावले. दुकानात लग्ने लागतात. 2008 साली शहराच्या तत्कालीन महापौरांनी तिथल्या एका डोनटला पोर्टलंडचा अधिकृत डोनट म्हणून मानही दिला. समोरच्या भिंतीवर भल्या मोठ्या अक्षरांत लिहिले आहे, की पोर्टलंड विचित्रच राहू द्या. भिंतीवरची अक्षरे नातवाने वाचून दाखवली, तेव्हा अण्णांनी मान हलवली. "गिऱ्हाईक रांगेत उभं आहे म्हणजे विचित्र नाही, हिशेबी आहे," एवढेच ते म्हणाले.

रांग होती खरी. ती सरकेपर्यंत अण्णांनी बाहेर पडणाऱ्या माणसांच्या हातांतली खोकी न्याहाळली, आणि एका म्हाताऱ्या गृहस्थाने बाकावर ठेवलेल्या खोक्याची कड त्याच्या परवानगीने बोटांनी चाचपून पाहिली. पुठ्ठा पातळ पण ताठ होता. या गुलाबी पुठ्ठ्याची हकिकत व्यापारी माणसाने ऐकण्यासारखी आहे. कंबोडियातील संहारातून जीव वाचवून 1975 नंतर जे निर्वासित कॅलिफोर्नियात पोहोचले, त्यांतल्या पुष्कळांनी डोनटची छोटी दुकाने टाकली. नवरा-बायको-मुले मिळून पहाटेपासून राबायचे, नोकर ठेवायचा नाही, आणि एकाने दुसऱ्याला हात देऊन उभे करायचे, ही त्यांची रीत. पांढऱ्या खोक्यांपेक्षा गुलाबी खोकी काही सेंटांनी स्वस्त पडतात हे त्यांच्या ध्यानात आले. हजारो खोक्यांवर तेवढे सेंट म्हणजे महिन्याचे भाडे. असा हा रंग पसरला आणि पुढे डोनट म्हटले की गुलाबी खोके हे समीकरणच झाले. काटकसरीतून आलेली गोष्ट पुढे शोभेची ठरते, हे आपल्या पेढ्यांवरच्या लाल कापडी वह्या पाहिलेल्यांना नवल वाटायला नको.

आत काचेच्या फडताळात डोनट फिरत होते. बहुतेक गोल आणि मध्ये भोक असलेले. बालुशाहीच्या मध्यभागी अंगठ्याने खळगा करतात, उडदाच्या वड्याला भोक पाडतात, त्याचे कारण इथेही तेच: तळताना मधला भाग कच्चा राहू नये. एका फळीवर लांबट डोनट होते आणि त्यांवर डुकराच्या मांसाच्या भाजलेल्या पट्ट्या ठेवलेल्या होत्या. सुनेने नातवाला हलकेच दुसऱ्या बाजूला वळवले. अण्णांनी ते पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

गल्ल्यावर गळ्यापर्यंत गोंदवून घेतलेली एक तरुण मुलगी होती. सुनेने तिला विचारायला सुरुवात केली. अंडे? नाही. दूध? नाही. मध? नाही. आतला मुरंबा कशाने घट्ट केला, हाडांच्या जिलेटिनने की फळांच्या पेक्टिनने? मुलीने आत जाऊन डब्यावरचे वाचून आणले: पेक्टिन. तळायचे तेल? वनस्पतीचे. पिठात बटाटा? मुलगी जरा चकित झाली. पण प्रश्न वेडेपणाचा नव्हता. मेन राज्यातल्या दुसऱ्या पोर्टलंडमध्ये बटाट्याच्याच डोनटचे दुकान नावाजलेले आहे. इथे बटाटा नव्हता. राहता राहिले खमीर. त्याबाबत सून-मुलाने या देशात आल्यावर आपल्यापुरता निर्णय घेतलेला होता, आणि अण्णांचा निर्णय वेगळा असल्याने ते खाणारच नव्हते. सातव्या प्रश्नालाही मुलीचा स्वर पहिल्या प्रश्नाइतकाच गोड राहिला. दुकानदारीची ती खरी परीक्षा, आणि अण्णांनी मनातल्या मनात तिला पूर्ण गुण दिले.

"काय हवं ते सांग आता," मुलगा नातवाला म्हणाला.

नातवाने ते केव्हाच ठरवले होते. त्याने बोट दाखवले.

तो डोनट गोल नव्हता. माणसाच्या आकाराचा होता. दोन हात, दोन पाय, चॉकलेटचा काळा लेप, त्यावर साखरेच्या पाकाने काढलेले डोळे आणि वासलेले तोंड. बरोबर छातीत खुपसलेला एक खुंटा. खुंटा म्हणजे प्रेट्झेल, मैद्याची भाजलेली खारी काडी. अंगात रासबेरीचा लाल मुरंबा भरलेला, आणि काडी रुतली होती तिथून तो किंचित वर आलेला. दुकानाच्या नावाला साजेशी ही वूडूची बाहुली. शत्रूची बाहुली करून तिला टाचण्या टोचायच्या, म्हणजे शत्रू तडफडतो, अशी ती कल्पना. (हैतीच्या लोकांचा जो वूडू धर्म, त्याच्याशी या बाहुलीचा संबंध नावापुरता, ती सिनेमा-कादंबऱ्यांनी त्या बिचाऱ्यांच्या माथी मारलेली आहे. दुसऱ्याच्या धर्माविषयी सिनेमावरून मत बनवू नये, हे आपल्याला तरी कोणी सांगायला नको.)

अण्णांचा हात आतल्या खिशात गेलेला होता. तो तिथेच थांबला.

दक्षिण महाराष्ट्रातल्या जैन घरांत यशोधर राजाची कथा माहीत नसलेला म्हातारा माणूस विरळा. सोमदेवसूरींनी 959 साली ती संस्कृतात 'यशस्तिलकचंपू'त मांडली. त्याच शतकात पुष्पदंतांनी अपभ्रंशात 'जसहरचरिउ' रचले. 1209 साली जन्न कवीने ती कन्नडात गायिली, आणि आपल्या काळात गिरीश कर्नाडांना तिच्यावर नाटक लिहावेसे वाटले. उज्जयिनीच्या यशोधर राजाने आईला, चंद्रमतीला, आपल्याला पडलेले एक अशुभ स्वप्न सांगितले. आई घाबरली आणि देवीला बळी देण्याचा आग्रह धरून बसली. जीवहत्या करणार नाही, असे राजाने निक्षून सांगितले. तेव्हा आईने मधला मार्ग काढला: खरा कोंबडा नको, पिठाचा कर. त्यात जीव नाही, रक्त नाही, मग दोष कसला? आईचे मन मोडवेना म्हणून राजाने मान डोलावली. पिठाचा कोंबडा केला, रंगवला, आणि राजाने त्यावर तलवार चालवली. त्या एका घावापायी आई आणि मुलगा जन्मोजन्मी मोर, कुत्रा असे भटकत राहिले, मारले गेले, आणि माणसाचा जन्म मिळण्याआधी तर कोंबड्याच्याच कुळात येऊन पडले.

ही कथा ऐकणाऱ्याला पहिल्यांदा अन्यायाची वाटते. पिठाच्या गोळ्यासाठी एवढी शिक्षा? पण गृहस्थाच्या हिंसेचे जे चार प्रकार शास्त्रात सांगितले आहेत, ते ध्यानात घेतले म्हणजे कथेचा काटा कुठे आहे ते कळते. चूल पेटवण्यात, झाडलोट करण्यात होते ती आरंभी. शेती-व्यापारात होते ती उद्योगी. स्वतःचे, दुबळ्याचे रक्षण करताना घडते ती विरोधी. या तिन्ही गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाहीत. कमी करता येतात. हळद शिजवणाऱ्या कढईखालच्या जाळात काय काय होरपळते, हे अण्णांना पुरते माहीत होते आणि त्याचे प्रतिक्रमण ते रोज करत. चौथी मात्र संकल्पी: मारायचे म्हणून मारणे. तिला सूट नाही. आणि तिला मरणारा जीव लागतोच असे नाही. मारणाऱ्याचे मन पुरते. अंडे, दूध, जिलेटिन यांची चौकशी गल्ल्यावर करता येते. मनाची यादी कोणत्या डब्यावर छापलेली असते?

हे सगळे अण्णांच्या मनात त्या क्षणी असे मांडून आले असेल, असे नाही. त्यांना काचेआडची छातीत रुतलेली काडी दिसत होती, आणि शेजारी नातवाचा वर उचललेला चेहरा. मागे रांग खोळंबली होती. गल्ल्यावरची मुलगी हसून वाट पाहत होती. अण्णांनी नोट काढून पुढे केली. बाहुली एक, गोल डोनट तीन. खोके नातवाच्या हातात आले.

तिथून पूर्वेला थोडे चालले की विलामेट नदी लागते. काठाने लांबच लांब बाग आहे. बर्नसाइड पुलाजवळच्या एका जुन्या इमारतीच्या माथ्यावर दिव्यांनी रेखलेले, झेप घेणारे हरिण आहे. शहराची ती खूण. "शांतिनाथ भगवंतांचं लांछन," अण्णा म्हणाले आणि नातवाला कोणत्या तीर्थंकरांचे चिन्ह कोणते ते विचारू लागले. नातवाने सहा सांगितले. एरवी तो नऊपर्यंत जाई. पण त्याचे लक्ष खोक्यात होते. बाकावर बसताच त्याने झाकण उघडले, बाहुली दोन्ही हातांनी उचलली, आणि अण्णांनी तोंड नदीकडे वळवले.

मुलांना अशा गोष्टी लगेच दिसतात. "आजोबा, तुम्ही रागावलात?"

"नाही रे बाळा."

"मग तिकडे का बघताय?"

मुलगा म्हणाला, "अण्णा, काय झालं? सगळं विचारूनच घेतलंय हिनं."

विचारल्याशिवाय बोलायचे नाही, हा निश्चय अण्णांनी पाळला होता. आता तर विचारले गेले होते. त्यांनी गोष्ट सांगितली. राणीचा भाग गाळला, बाकी सगळी सांगितली: स्वप्न, आई, पिठाचा कोंबडा, तलवार, मोर आणि कुत्रा. नातू बाहुली हातात धरूनच ऐकत होता. गोष्ट संपल्यावर बराच वेळ कुणी बोलले नाही. नदीवरून एक नाव गेली.

पहिल्यांदा बोलली ती सून. "अण्णा, दोन वर्षं हा पोरांच्या वाढदिवसाला नुसता बसून असतो. घटक मला विचारता येतात हो. आकाराचं मी कुणाला विचारणार होते?" आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते, असे अण्णांना वाटले.

"तुझं काही चुकलं नाही," ते म्हणाले.

"आणि पैसे तर तुम्हीच दिलेत," मुलगा म्हणाला. यात थोडी धार होती.

"दिले. तेच तर." आईसाठी मान डोलावणारा यशोधर आणि नातवासाठी नोट काढणारा अडत्या यांत अण्णांना त्या वेळी फारसे अंतर दिसत नव्हते. पण हे त्यांनी बोलून दाखवले नाही.

नातू विचार करत होता. मग तो म्हणाला, "पण आजोबा, राजाला माहीत होतं की तो कोंबड्याचा बळी देतोय. मला तर डोनट खायचाय. मी कुणाला मारत नाहीये."

मुलाला हसू आले. "घ्या. उत्तर द्या आता."

अण्णांना उत्तर नव्हते. उलट त्यांना आत कुठेतरी फार बरे वाटले. पोराने शास्त्राचा नेमका धागा पकडला होता: भाव कोणता, ते पाहा. पाठशाळेत वर्षानुवर्षे बसलेल्यांनाही हे सुचत नाही. ते खुशाल "खा" म्हणणार होते. पण व्यापाऱ्याची सवय, मालाचा नमुना एकदा उलटून पाहायची. त्यांनी सहज विचारले, "खोक्यात गोलही आहेत. चव एकच असेल. मग हाच का घ्यावासा वाटला?"

"कारण याचं डोकं आधी खायचं असतं," नातू उत्साहाने म्हणाला. "आणि काडी आणखी आत ढकलली ना, की जॅम बाहेर येतो. रक्तासारखा. सगळे तसंच करतात, आणि—"

तो तिथेच थांबला. त्याने बाहुलीकडे पाहिले. अण्णांनी काहीही म्हटले नाही. म्हणण्यासारखे काही उरलेही नव्हते. नातवाने बाहुली हळूच खोक्यात ठेवली आणि गोल डोनट उचलला. दोन वर्षे ज्याची वाट पाहिली त्याचा पहिला घास त्याने डोळे मिटून खाल्ला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. तो चावत राहिला, मग म्हणाला, "ठीक आहे."

"ठीक?" सून म्हणाली आणि तिनेही तुकडा मोडला. साखरेचा पाक चढवलेला मऊ गोड पाव, वर थोडा दालचिनीचा वास. तिला तिच्या आईच्या हातची बालुशाही आठवली आणि तिने तसे सांगितलेही. मुलाने आपला पूर्ण संपवला आणि बोटे चाटली. अण्णांनी बाटलीतले गाळलेले पाणी प्यायले.

परतीच्या गाडीत नातू झोपला. अण्णांना मात्र पासष्ट वर्षांपूर्वीची एक गोष्ट आठवत राहिली. यात्रेत त्यांनी साखरेचा हत्ती घेतला होता. पांढरा, मुठीएवढा, गुलाबी डोळ्यांचा. सोंड खाऊन झाल्यावर आईने तो पाहिला. तिने रागावणे-मारणे काही केले नाही. हत्ती फोडणे तिलाही नको होते. तिने तो पाण्याच्या पातेल्यात ठेवला आणि वर झाकण घातले. सकाळी त्या गोड पाण्याचा शिरा झाला. पण त्या रात्री लहान अण्णा तीनदा उठून झाकण काढून पाहून आले होते. पाठ गेली, कान गेले, पाय गेले. विरघळणारा हत्ती पाहून त्यांना आधी कधी वाटली नव्हती एवढी भीती वाटली होती. आईने केले ते बरोबर होते की नाही, याचा निवाडा त्यांनी कधी केला नव्हता. शिरा मात्र त्यांनी खाल्ला नव्हता.

घरी पोहोचेपर्यंत दिवस मावळला होता. खोके ओट्यावर राहिले. रात्री केव्हातरी अण्णांना जाग आली. ओट्याकडे पुठ्ठ्याचा बारीक आवाज झाला, मग अनवाणी पावले, मग पुन्हा शांतता. ते उठले नाहीत.

सकाळी झाकण उघडले तेव्हा बाहुली जशीच्या तशी होती. छातीतली काडी तेवढी नव्हती.

"ती नुसती काडी होती, आजोबा," नातू दुधाचा पेला हातात धरून म्हणाला. "उजाडल्यावर खाल्ली. उजाडायच्या आधी नाही."

अण्णा इतके हसले की सून आतून बाहेर आली.

बाहुलीचे पुढे काय झाले, याची चौकशी झाली नाही. दुसऱ्या दिवशी ती खोक्यात होती. तिसऱ्या दिवशी मुलगा पहाटेच कामावर गेला आणि खोके रिकामे होते. अन्न टाकायचे नाही हाही घरचा नियमच, आणि मुलगा लहानपणापासून ताटातले उरलेले संपवणारा. नातवाने रिकाम्या खोक्यात डोकावून पाहिले, वडिलांच्या खुर्चीकडे पाहिले, आणि तो शाळेच्या उन्हाळी शिबिराला निघून गेला.

सप्टेंबरात अण्णा परतले. सामान बांधताना त्यांनी ते खोके मागून घेतले. सून म्हणाली, "अहो, पुठ्ठ्याचं खोकं कशाला नेताय?" ते म्हणाले, "पुठ्ठा चांगला आहे."

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या पेढीवर, गादीच्या उजव्या हाताला ते आता असते. त्यात राजापुरी हळदीचे नमुने, चिठ्ठ्या लावून. येणारे गिऱ्हाईक त्या रंगाकडे पाहून विचारते, आणि अण्णा "नातवाचं आहे" म्हणून पुढच्या भावाला लागतात. झाकणाच्या आतल्या बाजूला रासबेरीचा एक डाग आहे. हळद बसून बसून तो आता तपकिरी दिसतो.